घोडीचं ऋतुचक्र आणि भ्रूण प्रत्यारोपण: पागेत वेळापत्रक कसं बसवायचं

कोल्हापूर जिल्ह्यात गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन गावोगावी पोचलं आहे. भ्रूण प्रत्यारोपण, म्हणजे एका मादीचं भ्रूण काढून दुसरीच्या पोटात वाढवणं, हा शब्दही दूध धंद्यातल्या माणसाला आता नवा नाही. त्यामुळे एखाद्या उत्तम मारवाडी किंवा काठियावाडी घोडीपासून वर्षाला एकाहून जास्त शिंगरं घ्यायचा विषय निघाला की प्रश्न येतो, गाईला जमतं ते घोडीला का जमू नये? जमतं. राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या बिकानेर केंद्रात मे २०२३ मध्ये 'राज-प्रथमा' हे मारवाडी शिंगरू असंच दुसऱ्या घोडीच्या पोटी वाढून जन्मलं. मात्र गाईचं गणित जसंच्या तसं घोडीला लावलं, तर पहिल्याच आठवड्यात ते फसतं.

गाईत आपण माज दिसला त्या दिवसापासून मोजतो, कारण तिचा माज जेमतेम दिवसभराचा असतो आणि तो उतरला की काही तासांतच अंडाशयातून बीज सुटतं. घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो, हंगामाच्या सुरुवातीला दहा दिवसही. बीज सुटतं ते बहुधा माजाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत. म्हणजे 'सोमवारी माजावर आली' एवढ्या नोंदीवरून भ्रूण कोणत्या दिवशी काढायचं ते कळत नाही. घोडीत शून्य दिवस म्हणजे बीज सुटल्याचा दिवस. इथून पुढचा सगळा हिशोब त्या एका तारखेवर उभा आहे.

दुसरा फरक पीतपिंडाचा, म्हणजे बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणाऱ्या गाठीचा. गाईच्या अंडाशयावर तो हाताला लागतो. घोडीत तो अंडाशयाच्या आत बसतो, त्यामुळे कितीही सराईत हात असला तरी सोनोग्राफीशिवाय त्याची खात्री होत नाही. तिसरं, गाईला एफएसएच या हॉर्मोनची इंजेक्शनं देऊन एका वेळी आठ-दहा भ्रूणं मिळवता येतात. घोडी त्या औषधांना तसा प्रतिसाद देत नाही. एका चक्रात एक भ्रूण, दोन बीजं सुटली तर कदाचित दोन, असंच धरून चाला. जननक्षम घोडी आणि चांगलं वीर्य असलं तरी साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त वेळा भ्रूण हाती लागतं. वयस्कर घोडीत त्याहून बरंच कमी. खर्चाचा अंदाज बांधताना हे आधीच मनाशी ठरवा.

सुरुवात करण्याआधी

थरोब्रेड घोडी असेल तर हा मार्ग बंद आहे. त्या जातीच्या स्टड बुकात, म्हणजे वंशनोंदणीच्या वहीत, फक्त नैसर्गिक संयोगातून, त्याच आईच्या पोटी जन्मलेलं शिंगरू नोंदलं जातं. देशी जातींसाठी तुम्ही जिथे नोंदणी करणार त्या संस्थेकडून नियम लेखी घ्या आणि दाता घोडी (जिचं भ्रूण काढायचं ती), नर व पुढे शिंगरू यांच्या डीएनए तपासणीची तयारी ठेवा.

दाता घोडीची गर्भाशयाची तपासणी हंगामापूर्वी करून घ्या: सोनोग्राफी, गर्भाशयातल्या पेशींचा नमुना आणि कल्चर (जंतूंची तपासणी). योनीचे ओठ नीट मिटत नसतील, शेण आत ओढलं जात असेल, तर वरचा भाग टाके घालून बंद करावा लागतो. हे न करता फ्लशिंग केलं, म्हणजे भ्रूण मिळवायला गर्भाशय द्रवाने धुतलं, तर ते द्रव बहुतेक वेळा गढूळ येतं.

ग्राहक घोडी म्हणजे जिच्या पोटात भ्रूण वाढणार ती. इथे काटकसर करायचा मोह होतो आणि पैसे बुडतात ते इथेच. वय तीन ते दहा वर्षं, अंगापिंडाने दाता घोडीएवढी किंवा किंचित मोठी, शांत, दूध भरपूर देणारी, आणि निदान दोन चक्रं नोंदवहीत व्यवस्थित नोंदलेली अशी हवी. एका दातेमागे किमान दोन ग्राहक, जमल्यास तीन. माळेगाव किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली घोडी थेट पागेत घेऊ नका. महिनाभर वेगळी बांधा. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी नकारात्मक येईपर्यंत तिचं पाणी, तोबरा, खरारा सगळं वेगळं. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि त्याची माहिती सरकारला देणं कायद्याने बंधनकारक आहे. सरा रोगाची तपासणीही त्याच वेळी उरकून घ्या.

खाद्याबद्दल कोल्हापूर भागापुरतं एक महत्त्वाचं. गळीत हंगामात उसाचं वाडं फुकटच्या भावात मिळतं आणि घोड्यांपुढे तेच पडतं. वाड्यात आणि हत्ती गवतात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने हाच मुख्य चारा राहिला तर घोडी हाडांतून कॅल्शियम काढू लागते. चालताना पाय चोरते, जबडा सुजल्यासारखा दिसतो. गाभण राहणाऱ्या घोडीला हे परवडणारं नाही. मुख्य चारा कोरडं गवत आणि लसूणघास ठेवा, वाडं तोंडी लावण्यापुरतं. पावसाळ्यात बुरशी धरलेला कडबा अजिबात नको. अंगावर मांस एवढंच हवं की बरगड्या दिसू नयेत, पण बोटांनी दाबल्यावर लागाव्यात.

चक्र आणि उजेड

घोडी मोठ्या दिवसांत माजावर येणारी. एक चक्र २१ ते २२ दिवसांचं, त्यात माजाचे पाच-सात दिवस आणि पीतपिंड काम करत असतो ते चौदा-पंधरा दिवस. कोल्हापुरात डिसेंबरचा दिवस साधारण ११ तासांचा आणि जूनचा १३ तासांहून थोडा मोठा; फरक दोनच तासांचा. म्हणून युरोपात हिवाळ्यात घोड्या जशा पूर्ण थांबतात तशा इथे सगळ्याच थांबत नाहीत. तुमची घोडी थांबते की नाही हे नोव्हेंबर ते जानेवारी दर आठवड्याला सोनोग्राफी करूनच कळेल.

थांबत असेल आणि फेब्रुवारीत काम सुरू करायचं असेल, तर १ डिसेंबरपासून तबेल्यात संध्याकाळी सहा ते रात्री अकरा दिवा लावा. दिवसाचा उजेड धरून एकूण १६ तास होतात. कोपऱ्यात उभं राहूनही वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड हवा. परिणाम दिसायला आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणून मध्ये खंड नको. वीज जात असेल तर इन्व्हर्टर ठेवा. रात्रभर दिवा ठेवून जास्त फायदा होत नाही, अंधाराचीही गरज असते.

हंगामाच्या तोंडावर घोडी दोन-तीन आठवडे माज दाखवत राहते, मोठी फॉलिकल (अंडाशयावरचे बीज असलेले द्रवाचे फुगे) दिसतात आणि न फुटता विरून जातात. या काळात वीर्य मागवू नका. पहिलं बीज सुटल्याचं डोळ्यांनी दिसलं की मगच मोजणी सुरू करा.

माज पाहणं आणि सोनोग्राफी

मोतद्दाराने रोज सकाळी ठरावीक वेळी घोडी टीझर नरापुढे (माज ओळखण्यापुरता वापरायचा नर) आणावी, मध्ये भक्कम आडवी फळी. माजावर असलेली घोडी शेपटी बाजूला करते, मागचे पाय फाकवते, थोडं थोडं मूत्र सोडते आणि योनीचे ओठ उघडझाप करते. माजावर नसेल तर कान मागे टाकून किंचाळते, लाथ उगारते. शिंगरू पाठीशी असलेली घोडी भीतीने माज लपवते. तिचा भरवसा फक्त सोनोग्राफीवर.

माज दिसला की दुसऱ्या दिवसापासून सोनोग्राफी. फॉलिकल रोज साधारण ३ ते ५ मि.मी. वाढतं. ३५ मि.मी. गाठेपर्यंत एक दिवसाआड, त्यानंतर रोज. सोबत गर्भाशयाच्या अस्तराची सूज पाहा: कापलेल्या मोसंबीच्या फोडींसारखी नक्षी दिसते. तिला ० ते ५ गुण द्या. बीज सुटायच्या दोन-तीन दिवस आधी सूज सर्वांत ठळक असते आणि शेवटच्या दिवशी उतरू लागते. फॉलिकल मऊ पडलेलं, आकार गोल न राहता पेरूसारखा निमुळता, सूज उतरणीला: याचा अर्थ पुढच्या २४ तासांत फुटणार.

नोंद 'मोठं फॉलिकल' अशी मोघम नको. 'डावं ३८, उजवं २२, सूज ३, द्रव नाही, गर्भाशयमुख सैल, सकाळी ८' अशी हवी. दोन मोठी फॉलिकल असतील तर दोन्ही फुटेपर्यंत तपासत राहा, कारण दुसरं एखाद-दोन दिवसांनी सुटतं आणि त्याचं भ्रूण वयाने लहान असतं.

औषधं

खालची मात्रा मध्यम बांध्याच्या घोडीची आहे. औषध नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यायचं.

प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड विरघळवतं आणि घोडी लवकर माजावर येते. डायनोप्रोस्ट ५ ते १० मि.ग्रॅ. किंवा क्लोप्रोस्टेनॉल २५० मायक्रोग्रॅम, स्नायूत. बीज सुटून पाच दिवस झाल्याशिवाय त्याचा भरवसा नाही, कारण पीतपिंड त्याआधी दाद देत नाही. दिल्यावर दोन ते पाच दिवसांत माज, आणि साधारण आठ ते दहा दिवसांत बीज सुटतं. मात्र देताना अंडाशयावर आधीच ३५ मि.मी.चं फॉलिकल असेल, तर ते दोन-तीन दिवसांतच, माज नीट न दाखवता फुटू शकतं आणि चक्र हातचं जातं. म्हणून इंजेक्शनच्या दिवशीही सोनोग्राफी कराच. घोडीला अर्धा-पाऊण तास घाम येतो, पोटात कळा येतात, पातळ शेण होतं. ते आपोआप थांबतं. गरोदर बाईने आणि दम्याच्या रुग्णाने हे औषध हाताळू नये, ते कातडीतूनही शोषलं जातं.

बीज ठरल्या वेळी सोडवण्यासाठी एचसीजी हे हॉर्मोन १५०० ते २५०० आय.यू. शिरेतून. फॉलिकल ३५ मि.मी.च्या वर आणि सूज निदान २ असेल तरच. ३६ ते ४८ तासांत बीज सुटतं. एकाच हंगामात तेच ते वापरत राहिलं तर घोडीच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि औषध लागू पडेनासं होतं. दोन-तीन वेळांनंतर जीएनआरएच या हॉर्मोनच्या गटातल्या औषधाकडे वळा. त्यातलं डेस्लोरेलिन मिळत असेल तर साधारण ४० तासांचा हिशोब धरा.

कधी फॉलिकल ५० मि.मी.च्या पुढे वाढतं, आत जाळ्यासारखे धागे दिसू लागतात आणि ते फुटतच नाही. आत रक्त साकळलेलं असतं. अशा चक्रात भ्रूण मिळायचं नाही. वीर्य वाया घालवू नका.

दाता आणि ग्राहक एकत्र आणणं

ग्राहक घोडीचं बीज दातेच्या एक दिवस आधी ते तीन दिवस नंतर या मुदतीत सुटलेलं हवं. थोडी मागे असलेली ग्राहक पुढे असलेलीपेक्षा बरी. म्हणून दातेला प्रोस्टाग्लँडिन दिल्यावर पहिल्या ग्राहकेला त्याच दिवशी, दुसरीला एक-दोन दिवसांनी द्या आणि उरलेला फरक एचसीजीने भरून काढा.

समजा सोमवारी संध्याकाळी सहाला दातेचं फॉलिकल ३७, सूज ३. त्याच वेळी एचसीजी. नैसर्गिक संयोग असेल तर नर त्याच संध्याकाळी लावा, बुधवारी सकाळपर्यंत बीज सुटलं नाही तर पुन्हा. थंड वीर्य मागवायचं असेल तर मंगळवारी संध्याकाळी हाती पडेल असं. पुण्याहून निघालेला डबा महामार्गाने एका दिवसात सहज येतो. डब्यातलं तापमान ५ अंश आणि काढल्यापासून २४ तासांत वापर, या दोन अटी पाळा. ताज्या वीर्यात पुढे धावणारे ५० कोटी शुक्राणू पुरतात. थंड वीर्य पाठवताना १०० कोटी असावेत. गोठित रेतमात्रा असेल तर मंगळवारी रात्रीपासून दर सहा तासांनी सोनोग्राफी, आणि बीज सुटल्यावर सहा तासांच्या आत रेतन. जागरण आहे, पण गोठवलेले शुक्राणू फार वेळ टिकत नाहीत.

बुधवारी सकाळी फॉलिकल गायब. बुधवार म्हणजे शून्य दिवस. ग्राहक घोड्यांना त्यांची फॉलिकल तयार असल्यास मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी एचसीजी दिलं की त्यांचं बीज गुरुवारी आणि शुक्रवारी सुटेल. पुढच्या गुरुवारी, म्हणजे दातेच्या आठव्या दिवशी, त्या सातव्या आणि सहाव्या दिवसावर असतील.

रेतनानंतर दुसऱ्या दिवशी दातेच्या गर्भाशयात द्रव साचलाय का ते पाहा. दोन सें.मी.हून जास्त असेल तर कोमट रिंगर लॅक्टेटने धुवा आणि गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून ऑक्सिटोसिन १० ते २० आय.यू. द्या. बीज तेव्हा बीजवाहिनीत असतं, धुण्याने त्याला धक्का लागत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात या दिवसांत दातेला पळवू नका. उष्म्यात व्यायाम केलेल्या घोड्यांत भ्रूण मिळण्याचं प्रमाण घटतं.

फ्लशिंग

घोडीचं भ्रूण सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरतं. फळलेलं भ्रूणच स्वतः स्राव सोडून वाट मोकळी करून घेतं. न फळलेलं बीज बहुधा वाहिनीतच अडकून राहतं. म्हणून सहाव्या दिवशी घाई केली तर हात रिकामे राहण्याचा धोका. सातवा किंवा आठवा दिवस धरा. वयस्कर घोडी किंवा गोठित वीर्य असेल तर आठवा. भ्रूण गोठवायचंच असेल तरच लवकर काढतात, कारण त्यासाठी ते ०.३ मि.मी.च्या आत लागतं.

घोडी खोड्यात घ्या, शेपटी गुंडाळून बाजूला बांधा, गुदाशय रिकामा करा. योनीबाहेरचा भाग पोव्हिडोन आयोडीनने तीनदा धुवा आणि स्वच्छ पाण्याने पूर्ण खळाळून कोरडा करा. साबणाचा किंवा जंतुनाशकाचा अंश आत गेला तर भ्रूण मरतं. हातमोजे पावडरविरहित. वायूने निर्जंतुक केलेली नळी असेल तर ती पुरेसे दिवस हवेशीर ठेवून मगच वापरा.

सिलिकॉनची फुगा असलेली, सुमारे ८० सें.मी. लांब नळी हाताच्या आडोशाने गर्भाशयमुखातून आत. फुगा ६० ते ८० मि.लि.ने भरून हलकेच मागे ओढा, म्हणजे तोंड बंद होईल. ३५ ते ३७ अंशांचं फ्लशिंग द्रव किंवा रिंगर लॅक्टेट, लहानखुऱ्या घोडीत एका वेळी एक लिटर, मोठ्या किंवा बऱ्याचदा व्यालेल्या घोडीत दोन. दोन-तीन मिनिटं आत राहू द्या, मग ७५ मायक्रॉनच्या गाळणीतून परत घ्या. असं तीन-चार वेळा. दुसऱ्या खेपेपासून गुदाशयातून गर्भाशयाची दोन्ही शिंगं (फाटे) हलक्या हाताने चोळा. भ्रूण अस्तराच्या घड्यांत बसलेलं असतं.

घातलेलं आणि आलेलं द्रव मापून लिहा. ९० टक्क्यांहून कमी आलं तर भ्रूण आतच असण्याची शक्यता आहे: ऑक्सिटोसिन २० आय.यू. देऊन आणखी एक खेप घ्या. गाळणीच्या भांड्यात कायम २०-३० मि.लि. द्रव राहिलं पाहिजे. ती कोरडी पडली किंवा वरून ओसंडली की भ्रूण गेलंच. पहिलं पाणी गढूळ असेल तर कल्चरला पाठवा. गुलाबी असेल तर हात जड पडतोय.

काम संपलं की दातेला प्रोस्टाग्लँडिन द्या. राहून गेलेलं भ्रूण तिच्याच पोटात रुजू नये आणि पुढचं चक्र लवकर यावं, दोन्ही साधतं. दोन फ्लशिंगमध्ये मग साधारण १६ ते १८ दिवस पडतात. इथेच एक घातक चूक होते: हे इंजेक्शन ग्राहक घोडीला दिलं जातं. दातेच्या गळ्यात लाल दोर आणि ग्राहकेच्या गळ्यात हिरवा बांधून ठेवा.

भ्रूण शोधणं आणि ठेवणं

गाळणीतलं द्रव चौकटी आखलेल्या ताटलीत ओता आणि स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली १० ते १५ पटीत एकेक चौकट पाहा. सातव्या दिवसाचं भ्रूण अर्ध्या मि.मी.च्या आसपास, आठव्याचं एक मि.मी.पर्यंत, खसखशीच्या दाण्याएवढं, नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. गोल, काचेसारखं, कडा रेखीव, भांडं हलवलं की तळाशी घरंगळतं. चपटं, लंबगोल, आतून खडबडीत दिसणारं बहुधा जुनं न फळलेलं बीज असतं. १ ते ४ अशी प्रत लावा. पहिल्या दोन प्रती निःशंक वापरा.

होल्डिंग द्रवाच्या (भ्रूण ठेवायच्या द्रवाच्या) आठ-दहा थेंबांतून एकापाठोपाठ नेऊन ते धुवा. सावलीच्या खोलीत, धूळ आणि पंख्यापासून दूर, ते दोन-तीन तास राहू शकतं. ५ अंशांच्या डब्यात २४ तासांपर्यंत प्रवासही करू शकतं, म्हणून ग्राहक घोड्या दुसऱ्या गावी असल्या तरी काम अडत नाही.

प्रत्यारोपण

ग्राहकेची त्याच सकाळी तपासणी: पीतपिंड स्पष्ट, गर्भाशय ताठर नळीसारखं, मुख घट्ट मिटलेलं, सूज शून्य, द्रव नाही. यातलं एक जरी बिनसलं तरी दुसरी घोडी घ्या. 'चालेल' म्हणून घेतलेली ग्राहक सहसा चालत नाही.

फ्लुनिक्सिन किलोमागे १.१ मि.ग्रॅ. शिरेतून, गरजेप्रमाणे गुंगी. अर्ध्या मि.लि.च्या स्ट्रॉमध्ये (बारीक नळीत) द्रव, हवा, भ्रूण असलेलं द्रव, हवा, द्रव अशी रचना करा. स्ट्रॉ बसवायच्या गनवर निर्जंतुक आवरण आणि वर पातळ प्लास्टिकची पिशवी. पिशवी गर्भाशयमुखाशी पोचल्यावरच फाडायची, म्हणजे योनीतले जंतू आत जात नाहीत. मुखाशी हात जितका कमी खेळेल तितकं चांगलं. ते जास्त चाळवलं की घोडीच्या अंगातच प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि पीतपिंड धोक्यात येतो. कोणत्या शिंगात सोडलं याने फरक पडत नाही, कारण घोडीचं भ्रूण सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयभर फिरत असतं. बाहेर आल्यावर स्ट्रॉ धुऊन ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. भ्रूण तिथेच चिकटून राहिलेलं असू शकतं.

पुढचे महिने

पाच-सहा दिवसांनी, भ्रूणाचं वय १३-१४ दिवस असताना, पहिली सोनोग्राफी. १५ ते २० मि.मी.चा काळा गोळा दिसला पाहिजे. २५व्या दिवशी हृदयाचे ठोके, मग ३५, ४५ आणि ६०व्या दिवशी तपासणी. यातली ३५व्या दिवसाची चुकवू नका. त्यानंतर गर्भाशयात ज्या खास पेशी रुजतात त्या गर्भ गेला तरी हॉर्मोन सोडत राहतात आणि घोडी तीन-चार महिने नीट माजावर येत नाही. गर्भ वाढत नसेल तर ते ३५व्या दिवसाच्या आतच कळलं पाहिजे, म्हणजे ग्राहक त्याच हंगामात पुन्हा उपयोगी पडते.

गर्भपात घडवणाऱ्या हर्पिस विषाणूची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात. धनुर्वाताची व्यायच्या महिनाभर आधी. गर्भकाळ अकरा महिन्यांचा. शिंगराला चीक मिळणार तो ग्राहकेचा, आणि चिकात प्रतिपिंडं असतात ती ती घोडी जिथे राहिली तिथल्या रोगांविरुद्धची. म्हणून व्यायच्या किमान चार आठवडे आधी तिला त्याच पागेत आणा जिथे शिंगरू वाढणार आहे. शिंगरू जन्मल्यावर दाता, ग्राहक आणि नर तिघांचे मायक्रोचिप क्रमांक, प्रत्यारोपणाची तारीख आणि डीएनएसाठी शिंगराचे मुळासकट उपटलेले केस एकाच पाकिटात घालून नोंदणीला पाठवा.